कांहीं होत नाहीं, असें म्हणूं नका

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आज या जागीं आम्ही आमच्याच एका खोट्याची कबुली देणार आहों. तें खोटें आम्ही वाईट हेतूनें बोललों नव्हतों. पण किडकें बीं कितीहि चांगल्या हातानें पेरलें तरी उगवत नाहीं, आणि उगवलेंच तर त्याला कणीस धरत नाहीं.

सन २०१८ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २७ तारखेस महाराष्ट्रांत गोवर-रुबेलाच्या लशीची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांच्या बाळापासून पंधरा वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांना एकेक डोस द्यावयाचा होता. राज्यांतलीं तीन कोटींहून अधिक मुलें त्यांत धरलीं होतीं. टोचणीची जागा बहुतेक ठिकाणीं शाळा हीच, म्हणून पालकांस समजावण्याचें काम आम्हां मास्तरांच्या गळ्यांत पडलें. त्या दिवसांत फोनवर नाना अफवा फिरत होत्या. ही सुई घेतली तर पुढें मूलबाळ होत नाहीं, ही त्यांतली सर्वांत मोठी. ती निखालस खोटी होती व आहे. पण त्या खोट्याला उत्तर म्हणून आम्हीं पालकसभेंत दुसरें खोटें उभें केलें. "मुंगी चावल्यासारखें वाटेल, बाकी कांहीं होत नाहीं," हें आमचें वाक्य. त्या सभेंत तें आम्हीं निदान दहा वेळां उच्चारलें असेल.

टोचणीच्या दिवशीं खरोखरच फारसें कांहीं झालें नाहीं. दोन मोठ्या मुलींना भोंवळ आली, ती सुईच्या भीतीनें. आडवें केलें, वारा घातला, दहा मिनिटांत त्या उठून बसल्या. पण आठव्या दिवशीं रात्रीं गांवांतल्या लोहाराच्या घरीं अंगणवाडींत जाणाऱ्या अडीच वर्षांच्या मुलीला सणकून ताप भरला आणि तापांत तिला झटका आला. डोळे फिरले, हातपाय आंखडले. घरांत रडारड झाली. कोणीं कांदा फोडून नाकाशीं धरला, कोणीं चप्पल हुंगवली. मोटारसायकलीवर घालून तालुक्याच्या गांवीं नेलें, तोंवर ती शुद्धीवर येऊन आईला बिलगली होती. सकाळीं तिची आजी शाळेच्या दारांत येऊन उभी राहिली. भांडली नाहीं. एवढेंच म्हणाली, "गुरजी, तुमी म्हनला व्हतात, कायबी हुत न्हाई. मंग ह्ये काय झालं?"

आमच्याजवळ उत्तर होतें, पण तें आठ दिवसांपूर्वीं द्यावयाचें होतें. गोवराच्या लशींत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो अंगांत थोडा वाढतो, आणि म्हणून या लशीचा ताप सुईच्या रात्रीं न येतां साधारण सातव्या ते बाराव्या दिवसांत येतो. शंभरांतील पांच ते पंधरा मुलांना असा ताप येतो. पांचेकांच्या अंगावर बारीक पुरळहि उठतें. तीन-चार हजार डोसांमागें एखाद्या लहान मुलाला त्या तापांत झटका येतो. तो पाहणाऱ्याचें काळीज फाडतो, पण बहुधा कांहीं मिनिटांत थांबतो आणि मागें अपंगपण ठेवीत नाहीं. हें सारें आधीं सांगितलें असतें, तर त्या माउलीनें तापाचें औषध उशाशीं ठेवलें असतें, मुलीला कुशीवर वळवलें असतें, तोंडांत कांहीं कोंबलें नसतें, आणि घाबरली तरी ती फसवली गेली नसती.

त्या मुलीला कांहीं झालें नाहीं. ती आज आमच्याच शाळेंत शिकते व पाढे खडखडीत म्हणते. झालें तें तिच्या धाकट्या भावाला. तो मागून जन्मला. करोनाच्या काळांत टोचणीचीं सत्रें मागेंपुढें झालीं, हें एक कारण; पण खरें कारण असें कीं, त्या घरानें ठरविलें होतें, आतां सुई नको. आशाताई तीनदां गेल्या, तीनदां परतल्या. आम्ही गेलोंच नाहीं. कोणत्या तोंडानें जाणार? तीन वर्षांचा झाल्यावर त्याला गोवर निघाला. गोवरांत फुप्फुसाला सूज आली, कान फुटला. अठरा दिवस दवाखान्यांत काढून तो घरीं आला, तेव्हां दावणीच्या दोन्ही शेळ्या विकल्या गेल्या होत्या. आज तो आमच्या वर्गांत पहिल्या रांगेंत बसतो, तो हुशार आहे म्हणून नव्हे. डाव्या कानानें त्याला नीट ऐकूं येत नाहीं म्हणून. हजेरी घेतांना त्याचें नांव आम्हांला रोज दोनदां घ्यावें लागतें.

लशीचे विरोधक लशीचें जेवढें नुकसान करीत नाहींत तेवढें "कांहीं होत नाहीं" म्हणणारे करतात, हें आम्ही या घरावरून शिकलों. शेतकरी अडाणी नाहीं. नव्या बियाण्याला पाणी किती लागतें, कीड कोणती पडते, हें विचारल्यावांचून तो पिशवी फोडीत नाहीं. त्याच्या लेकराच्या अंगांत जें घालावयाचें त्याची बरीवाईट बाजू त्याला सांगूं नये, असें ज्यांना वाटतें त्यांनीं त्याला माणूसच धरलेलें नाहीं.

आतां कोणत्या लशीनें काय होतें तें सरळ सांगतों. जन्मतांच डाव्या दंडावर बीसीजी टोचतात. महिन्या-दीड महिन्यानें तेथें फोड येतो, फुटतो, सुकतो, व्रण राहतो. त्यावर हळद, शेण, मलम कांहीं लावूं नये; तो फोड म्हणजे लस लागल्याची पावती. क्वचित काखेंत गाठ येते, ती डॉक्टरांस दाखवावी. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांचें झाल्यावर बाळाला पेंटाव्हॅलंट नांवाची लस मांडींत देतात. तिच्यांत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब असे पांच शत्रू एकदम धरलेले आहेत. हिचा ताप त्याच रात्रीं येतो. मांडी सुजते, लाल होते, लेकरूं अंगावर पीत नाहीं, कधीं दोन-तीन तास एकसारखें रडतें. बहुतेक दोन दिवसांत सगळें शमतें. नरसबाई वजन पाहून सांगतील तेवढेंच तापाचें औषध द्यावें, अंगावर पाजणें सोडूं नये, कपड्यांचीं गाठोडीं करून बाळाला गुंडाळूं नये. ताप दोन दिवसांहून अधिक टिकला, झटका आला, किंवा मूल निपचित पडलें, तर भगताकडे न जातां थेट दवाखाना गांठावा. दहा व सोळा वर्षांच्या मुलांना शाळेंत टीडीची सुई देतात. हिनें दंड दोन दिवस दुखतो. मोठ्या मुलींमुलांत भोंवळ येण्याचा प्रकार घडतो आणि एक पडली कीं दुसरी पडते. म्हणून त्यांना उपाशीपोटीं रांगेंत उभें करूं नये, बसवून टोचावें.

एक गोष्ट मात्र दुर्मिळ असून गंभीर आहे. कोणत्याहि लशीनें, दहा लाख डोसांमागें एखाद्याला, कांहीं मिनिटांतच अंगावर गांधी उठतात, ओठ-घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब उतरतो. यावर अॅड्रेनॅलिनचें इंजेक्शन तेथल्या तेथें द्यावें लागतें, आणि वेळीं दिलें तर माणूस वांचतो. सुईनंतर अर्धा तास बसा म्हणतात तें याचसाठीं. तो अर्धा तास तुमच्या मुलाचा आहे. खुरपणीची घाई कितीहि असो, तेवढा वेळ उठूं नका. आणि नरसबाईंनीं जा म्हटलें तरी तुम्ही बसा.

हा झाला लशीचा जमाखर्चांतला खर्च. आतां रोगाचा पाहा. गोवर झालेल्या वीस मुलांत एकाला फुप्फुसाची सूज येते, हजारांत एकाच्या मेंदूला. शिवाय गोवर आणखी एक चोरी करतो. पूर्वीं झालेल्या रोगांशीं लढण्याची जी शरीराची शिदोरी असते ती तो बरीचशी लुटून नेतो, आणि गोवर बरा झाल्यावरहि मूल कित्येक महिने दुसऱ्या आजारांना बळी पडतें. "गोवरानंतर पोर सुधरलंच नाही," असें आपल्या म्हाताऱ्या म्हणत, त्यांचें निरीक्षण खोटें नव्हतें. सन १९६३ मध्यें लस निघण्यापूर्वीं जगांत गोवरानें वर्षाला सुमारें २६ लाख माणसें मरत, बहुतेक मुलेंच. म्हणजे तुलना ताप आणि सुख यांच्यांत नाहीं; एका रात्रीचा ताप आणि अठरा दिवसांचा दवाखाना यांच्यांत आहे.

लस अंगांत काय करते? ज्यांनीं तालमींत माती अंगाला लावली आहे त्यांना हें चटकन समजेल. वस्ताद नवख्या पोराला जोर आंवरून डाव दाखवतो. पोर दोन-चारदां पडतें, अंग दुखतें, पण डाव लक्षांत राहतो. मग जत्रेच्या फडांत खरा गडी अंगावर आला तर तें गोंधळत नाहीं. लस हा तो जोर आंवरलेला वस्ताद. ताप आणि सूज हें तालमीचें अंग दुखणें आहे. ताप आला नाहीं म्हणजे लस लागली नाहीं, असेंहि मात्र समजूं नये; कांहीं पोरांचें अंग दुखतच नाहीं.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची, कारण ती शेजाऱ्याची आहे. तुम्ही म्हणाल, माझ्या मुलाला टोचलें, तें वांचलें, पुरे. दुसऱ्यानें टोचलें न टोचलें याच्याशीं मला काय? खळ्यावर दहा जणांच्या कडब्याच्या गंजी लागून लागून रचल्या असतां एकीला ठिणगी लागली तर काय होतें तें सर्वांनीं पाहिलें आहे. आग माणसाचें नांव विचारीत नाहीं, वारा जिकडे नेईल तिकडे जाते. पण दोन गंजींच्या मध्यें ओली माती, भिंत, मोकळें रान असलें तर ती तेथेंच जळून बसते. टोचलेलें मूल म्हणजे मधली भिंत. रोगाला एका अंगांतून दुसऱ्या अंगांत उडी मारावयास सुकें अंग लागतें. तें मिळालें नाहीं कीं तो जागच्या जागीं मरतो. गोवराचा रोगी पुरळ उठण्याच्या चार दिवस आधींपासूनच रोग वांटीत असतो, आणि तो खोलींतून गेल्यावरहि दोन तासांपर्यंत तेथल्या हवेंत विष राहतें. तेव्हां पुरळ दिसल्यावर मुलाला वेगळें ठेवूं म्हणणारा, बैल चोरीस गेल्यावर गोठ्याला कडी घालतो.

वरच्या वर्गांत हें गणित आम्ही फळ्यावर मांडतों. कोणालाच संरक्षण नसलेल्या वस्तींत एका गोवराच्या रोग्यापासून बारा ते अठरा जणांना रोग लागतो. मधले पंधरा धरा. पंधरांतले चौदा जण सुरक्षित असले तर रोग एकालाच लागेल, त्याच्यापासून पुन्हां एकाला, आणि साथ रांगत राहील. चौदांहून थोडे अधिक सुरक्षित झाले कीं ती विझूं लागेल. चौदा भागिले पंधरा म्हणजे शेंकडा ९३. आतां नवव्या महिन्यांतला एक डोस शंभरांतील सुमारें ८५ मुलांनाच पक्कें संरक्षण देतो. म्हणजे गांवांतलें एकहि मूल न सोडतां एकेक डोस दिला तरी आपण ८५ वरच अडकलों. सोळा ते चोवीस महिन्यांमधल्या दुसऱ्या डोसानें तें सुमारें ९७ वर जातें. म्हणून दुसरा डोस, आणि म्हणून तो शंभरांतील निदान ९५ मुलांना मिळालाच पाहिजे असा जगभरचा दंडक. बाकीचे पांच कोण, हेंहि ध्यानांत ठेवा. नऊ महिन्यांच्या आंतलें तान्हें, किंवा रक्ताच्या कर्करोगावर औषध घेणारें लेकरूं, यांना ही लस देतां येत नाहीं. त्यांचें रक्षण त्यांच्या आईच्या हातांत नाहीं, तुमच्या हातांत आहे. सन २०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोवंडीकडे, भिवंडीस आणि मालेगांवास गोवराची साथ उसळली, बालकें दगावलीं, तेव्हां करोनाच्या दोन वर्षांत डोस चुकलेल्या मुलांची संख्या सांचत सांचत ९५ चा बांध फुटला होता.

सर्वच लशी मधली भिंत होतात असें नाहीं, आणि हेंहि झांकून ठेवतां कामा नये. धनुर्वात मातींतून व गंजलेल्या खिळ्याच्या जखमेंतून येतो, माणसापासून माणसाला लागत नाहीं. ती लस घेणाऱ्यालाच राखते. म्हणून शेजाऱ्यानें घेतली म्हणून आपण सुटलों, असा हिशेब तेथें चालत नाहीं. विळा-खुरपें धरणाऱ्यानें तर मुळींच करूं नये. बीसीजी तान्ह्या मुलाला क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या भयंकर रूपापासून वांचवते, पण मोठ्या माणसाच्या फुप्फुसाचा क्षय पसरणें ती थांबवीत नाहीं. करोनाच्या लशीनें मरणें व दवाखान्याची पायरी पुष्कळ टळली. पण रोग पसरण्याला तिनें घातलेला आळा अर्धवट होता, कांहीं महिन्यांत ओसरणारा होता, आणि ओमिक्रॉन आल्यावर तो आणखी सैल झाला. हें त्या वेळीं मोकळेपणानें सांगितलें गेलें नाहीं. दोन डोस घेतलेल्या माणसाला करोना झाला कीं लोक म्हणत, पाहा, लस खोटी. लस खोटी नव्हती, तिच्याबद्दल दिलेलें वचन मोठें होतें.

करोनाचा विषय निघालाच आहे तर त्या लशीच्या त्रासाबद्दलहि बोलूं. कोविशील्डनें फार थोड्या लोकांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. केंद्र सरकारनें मे २०२१ मध्यें दिलेला आंकडा दहा लाख डोसांमागें ०.६१ असा होता; युरोपांत हें प्रमाण पुष्कळ अधिक आढळलें. मार्च २०२१ मध्यें लशीनंतर तीव्र अॅलर्जीनें दगावलेल्या एका ६८ वर्षांच्या गृहस्थाचा मृत्यु लशीमुळेंच झाला, हें सरकारच्या समितीनें त्याच वर्षीं जूनमध्यें मान्य केलें. मान्य केलें हें बरें केलें. पण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आमच्या मराठवाड्यांत, औरंगाबाद जिल्ह्यांत (आतांचें छत्रपती संभाजीनगर), लशीचा दाखला नसेल तर पेट्रोल नाहीं, रेशन नाहीं, असे हुकूम निघाले. गरिबाच्या चुलीशीं लशीची गांठ घालणें आम्हांला तेव्हांहि रुचलें नव्हतें. धाकानें दंड पुढें येतो, विश्वास येत नाहीं. आणि पुढच्या लशीला विश्वासच लागतो. २ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि स्पष्ट केलें कीं कोणाच्या अंगांत जबरीनें लस घालतां येणार नाहीं, आणि लशीनंतर झालेल्या त्रासाची माहिती लोकांना उघड मिळाली पाहिजे. या निकालाचा दुसरा अर्धा भाग गांवोगांवच्या दवाखान्यांच्या भिंतीवर लिहिला जावा, असें आम्हांला वाटतें.

लशीचा दोष आणि माणसाचा दोष हे दोन वेगळे ओळखावे लागतात. प्लेगाच्या लशीची गोष्ट पाहा. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला. हाफकिन नांवाच्या शास्त्रज्ञानें तेथें लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती आधीं स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. तापानें फणफणला, पण दुसऱ्याला टोचण्याचा अधिकार त्यानें असा कमावला. बरोबर दोन महिन्यांनीं, १० मार्चला, पुण्यास प्लेगाच्या रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले त्याच रोगानें गेल्या. पुढें १९०२ सालीं पंजाबांत मुलकोवाल गांवीं ही लस टोचलेल्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. सगळे एकाच बाटलींतून टोचलेले. हाफकिनला पदावरून दूर केलें गेलें; तो निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडलें. लस चांगली होती, ती एक बाटली घाण झाली होती. आतां आपल्याच काळांतली गोष्ट. ३१ जानेवारी २०२१ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांतल्या घाटंजी तालुक्यांत एका गांवीं पोलिओच्या थेंबांऐवजीं बारा बालकांच्या तोंडांत हात धुण्याचें सॅनिटायझर घातलें गेलें! मुलें वांचलीं हें नशीब. अशा वेळीं "पोलिओचा डोस वाईट" म्हणून पुढच्या रविवारीं दार लावून घेणें म्हणजे सुतारानें दार वांकडें बसवलें म्हणून सागवानाला शिव्या देणें. पण सुताराला जाब विचारलाच पाहिजे. बाटलीवरचें नांव, तिची मुदत, ती बर्फाच्या डब्यांतून निघाली कीं उन्हांत पडली होती, हें विचारण्याचा हक्क प्रत्येक आईला आहे. विचारलें तर नरसबाईंनीं रागावूं नये.

हिशेब फिरला तर लसच बंद करतात, हेंहि लोकांस ठाऊक नसतें. १७९६ सालीं जेन्नरनें गाईच्या फोडांतली लस घेऊन देवीच्या रोगावर इलाज काढला. आपल्या बोलींत जखमेंतून पाझरणाऱ्या पाण्याला लस म्हणतात, तोच शब्द मग औषधाला चिकटला. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत तीन वर्षांच्या एका मुलीला हिंदुस्थानांतली पहिली टोचणी झाली. तेथून १९७५ च्या मेपर्यंत, आसामांत करीमगंजला शेवटचा रोगी सांपडेपर्यंत, पावणेदोनशे वर्षें झगडा चालला. शेवटच्या वर्षांत तर गांवच्या गांवें टोचण्यापेक्षां, रोगी जेथें सांपडेल त्याच्या भोंवतीं सर्वांना टोचून कडें घालण्यावर भर दिला. आगीभोंवतीं चर खणावा तसा. १९८० सालीं देवी जगांतून गेल्याचें जाहीर झालें. जुन्या माणसांच्या हातांवर ते मोठे व्रण आहेत, आमच्या हातांवर नाहींत. देवीच्या लशीचा त्रास आजच्या लशींहून पुष्कळ अधिक होता, क्वचित ती जीवहि घेई. रोग होता तोंवर तो सोसला, रोग गेल्यावर सर्वसामान्य मुलांना ती टोचणें बंद केलें. पोलिओचेंहि तसेंच. तोंडांत टाकावयाचे थेंब आंतड्यांतच पहारा बसवतात, म्हणून त्यांनीं रोगाचा पसारा तोडला. १३ जानेवारी २०११ नंतर देशांत पोलिओचा रानटी विषाणू कोणा मुलाला झाला नाहीं, आणि २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त ठरला. पण त्या थेंबांतला दुबळा विषाणू लाखों डोसांमागें एखाद्या मुलाला लुळें करी. रोग हटल्यावर हा धोका जड वाटूं लागला, तेव्हां २०१५ पासून मेलेल्या विषाणूची सुई जोडली व २०१६ च्या एप्रिलमध्यें थेंबांतला एक प्रकार काढून टाकला.

आणि एक विनोद सांगतों, तो आपल्यावरच आहे. २०२२ सालीं लम्पी आला. आमचा भाग म्हणजे लाल कंधारीचा, तिकडे उदगीर-देवणीकडे देवणीचा. बैलाच्या अंगावर गांठी उठतात, गोमाशा, डांस, गोचिड रोग नेतात, हें कळल्याबरोबर शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचून घेण्यास दवाखान्यापुढें दावीं धरून रांग लागली. मानेवर गाठ येईल, दोन दिवस दूध कमी होईल, असें डॉक्टर सांगत आणि शेतकरी म्हणे, होऊं द्या. कोणी विचारलें नाहीं, हिनें गाय गाभण राहील कीं नाहीं. जुन्या लोकांनीं बुळकांडीनें दावणी ओस पडलेल्या पाहिल्या होत्या, आणि ती बुळकांडी लशीनेंच २०११ सालीं जगांतून गेली. गोठ्यांत जें शहाणपण आपण दाखवतों तें माजघरांत कां नेत नाहीं? एका कारणाचा उल्लेख वर आलाच: गुरांच्या डॉक्टरानें गाठ येईल असें आधीं सांगितलें होतें.

आरोग्यखात्याकडे आमचें मागणें फार नाहीं. सत्राच्या दिवशीं प्रत्येक आईला चार गोष्टी तोंडीं सांगाव्या: कोणती लस दिली, तिनें काय त्रास होईल व कोणत्या दिवशीं, झाल्यास काय करावें, पुढचा डोस केव्हां. तापाचें औषध तेथेंच हातांत द्यावें, चिठ्ठी देऊं नये. गंभीर त्रास झाल्यास त्याची चौकशी करण्यास जिल्ह्याची समिती असते. तिनें काय ठरविलें तें त्या घराला मराठींत, लेखी कळवावें. आणि गांवाच्या रक्षणासाठीं घेतलेल्या लशीनें एखाद्याचें खरोखर नुकसान झालेंच, तर त्या एकट्या घरावर तें ओझें टाकूं नये. भरपाई वकील न करतां दारीं मिळावी. अशी घरें थोडींच असतात. थोडीं असतात म्हणूनच सरकारला तें परवडतें.

लोहाराच्या घरीं आम्ही शेवटीं गेलों. उशीर झाला होता, पण गेलों. आजीला सांगितलें, तेव्हां आम्ही चुकलों. ताप येतो, क्वचित झटकाहि येतो, हें आम्हांला सांगतां आलें असतें. ती बराच वेळ भात्याकडे पाहात बसली. मग म्हणाली, "त्या वक्ती सांगितलं असतं तर म्या रातभर जागले असते, गुरजी, दुसरं काय." गेल्या सत्राला ती धाकट्या लेकाचें तान्हें घेऊन आली व अर्धा तास झाल्यावरहि उठेना; आणखी थोडें बसतें म्हणाली.

आतां दसरा जवळ आला कीं कंधार, लोहा, मुखेडकडच्या तांड्यांतून व वाड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्यांचीं लेकरें सहा-सहा महिने फडांत व खोप्यांत असतात, आणि दुसरा डोस नेमका त्यांचाच चुकतो. मुकादमांस व टोळीवाल्या बंधूंस विनंति आहे कीं, गाडी भरण्यापूर्वीं एक दिवस उपकेंद्रावर या, जो डोस भरला असेल तो येथेंच घेऊन जा. जो राहिला तो जेथें कारखाना असेल तेथल्या दवाखान्यांतहि फुकट मिळतो. गांव कोणतें म्हणून कोणी अडवूं शकत नाहीं. कार्ड कोयत्याच्या पोत्यांत टाकूं नका, प्लास्टिकच्या पिशवींत घालून आधार कार्डाशेजारीं ठेवा. ज्यांचें हरवलें असेल त्यांनीं शाळेंत यावें. नरसबाईंच्या वहींतून तारखा उतरून नवें करून देण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें आहे.